रॉकच्या गाण्यात ब्लूज नेमका कुठे असतो?

मड्डी वॉटर्स या कृष्णवर्णीय अमेरिकन ब्लूज गायकाचं एक गाणं १९७७ मध्ये आलं. त्याचं शीर्षकच असं, की ब्लूजला मूल झालं आणि त्याचं नाव ठेवलं रॉक अँड रोल. रॉक ऐकणाऱ्या बहुतेकांना हे नातं ऐकून ठाऊक असतं. मलाही होतं. पण कॉलेजात लेड झेपलिन हा इंग्लिश रॉक बँड पाठ झाल्यावर मी मोठ्या उत्साहाने १९३०च्या दशकातल्या ब्लूजच्या रेकॉर्डिंगकडे वळलो आणि हिरमुसलो. खरखर, एक गिटार, एक चिरका आवाज. ड्रम नाहीत, बेस नाही. बापलेक नाकीडोळी कुठेच जुळेनात.

मग गिटार वाजवणाऱ्या एका मित्राने मला शेजारी बसवलं आणि बोटांची पेरं मोजायला लावली. चार बोटांची बारा पेरं. आधी एक जुना ब्लूज, मग एल्विस प्रेस्लीचं ‘हाउंड डॉग’, मग बिल हेलीचं ‘रॉक अराउंड द क्लॉक’. दर वेळी बारावं पेर संपलं की गाणं घरी परत यायचं आणि पुन्हा पहिल्या पेरापासून निघायचं. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं, की नातं चेहऱ्यात शोधायचं नसतं, हाडांत शोधायचं असतं. ती हाडं कानाला कशी ओळखू येतील, ते इथे सांगतो.

त्याआधी थोडं गावाकडे जाऊ. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मिसिसिपी राज्यात मिसिसिपी आणि याझू या दोन नद्यांमध्ये गाळाची सपाट, काळी, अतिशय सुपीक जमीन आहे. तिला डेल्टा म्हणतात. पीक कापसाचं. १८६५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली, पण जमीन पूर्वीच्याच गोऱ्या मालकांकडे राहिली. कृष्णवर्णीय कुटुंबं अर्धेलीने शेती करू लागली. बियाणं, अवजारं, किराणा सगळं मालकाच्या दुकानातून उधारीवर, आणि वर्षाअखेरीस मालकाच्याच वहीतला हिशेब. तो हिशेब क्वचितच मजुराच्या बाजूने निघे. शेतात एकाने हाळी द्यायची आणि बाकीच्यांनी उत्तर द्यायचं, ही कामाची गाणी; रविवारी चर्चमधली गाणी; आणि शनिवारी रात्री नाचण्या-पिण्याच्या ठिकाणी वाजणारी गिटार. या सगळ्यांतून एकोणिसावं शतक संपता संपता ब्लूज आकाराला आला.

डब्ल्यू. सी. हँडी या बँडमास्टरने आत्मचरित्रात एक प्रसंग सांगितला आहे. साल १९०३च्या आसपासचं. टटवायलर नावाच्या लहानशा स्टेशनावर गाडीची वाट बघताना त्याचा डोळा लागला होता. जाग आली ती गिटारच्या आवाजाने. शेजारी फाटक्या कपड्यांतला एक माणूस तारांवर सुरी सरकवत वाजवत होता आणि एकच ओळ तीनदा गात होता. हँडीने आयुष्यात त्याहून विचित्र संगीत ऐकलं नव्हतं. पुढे त्यानेच १९१२ मध्ये ‘मेम्फिस ब्लूज’ छापला. १९२० मध्ये मेमी स्मिथच्या ‘क्रेझी ब्लूज’ची तबकडी इतकी खपली, की कृष्णवर्णीय गिऱ्हाईक हाही मोठा बाजार आहे, हे कंपन्यांच्या लक्षात आलं. स्टेशनावरच्या त्या माणसाचं नाव मात्र कुणी विचारलं नाही.

आता पेरं मोजू. चार मात्रांचा एक ‘बार’, असे बारा बार, म्हणजे ४८ मात्रांचं एक आवर्तन. त्यात कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) तीनच: सा वर उभी असलेली, म वर उभी असलेली आणि प वर उभी असलेली. पहिले चार बार सा. पुढचे दोन म. पुन्हा दोन सा. मग एक प, एक म, आणि शेवटचे दोन सा. सा म्हणजे घर. म वर गेलं की गल्लीच्या टोकाला आल्यासारखं वाटतं, अजून घर दिसतंय. प वर गेलं की ताण येतो, आता परतायला हवं असं वाटतं. बाराव्या बारात पुन्हा हलकेच प चा स्पर्श करतात, म्हणजे ऐकणाऱ्याला पुढच्या आवर्तनाची ओढ लागते.

शब्दही याच चौकटीत बसतात. पहिली ओळ चार बारांत. तीच ओळ पुन्हा, पण आता खाली कॉर्ड बदललेली, त्यामुळे तेच शब्द वेगळ्या उजेडात दिसतात. आणि तिसरी ओळ प वरून सुरू होते, पहिल्या दोन ओळींचं उत्तर देते किंवा त्यांना कलाटणी देते. ही पुनरुक्ती कंटाळवाणी वाटेल, पण तिच्यामागे मोठी सोय आहे. एक ओळ दोनदा गाईपर्यंत गाणाऱ्याला तिसरी सुचायला वेळ मिळतो. हे संगीत कागदावरून गायलं जात नव्हतं. शिवाय ओळ चार बार पुरत नाही, साधारण दोनातच संपते. उरलेल्या दोन बारांत गिटार उत्तर देते. शेतातली हाळी आणि तिला येणारं उत्तर, तेच इथे एका माणसाच्या गळ्यात आणि बोटांत आलं.

‘हाउंड डॉग’ आधी बिग मामा थॉर्नटन या कृष्णवर्णीय गायिकेने १९५२ मध्ये गायलं, एल्विसने १९५६ मध्ये. दोन्ही ऐका, चौकट तीच. चक बेरी या कृष्णवर्णीय रॉक अँड रोल गायक-गिटारवादकाच्या ‘जॉनी बी. गुड’मध्ये (१९५८) थोडा फेर आहे, प वरून म वर न उतरता तो प वरच थांबतो, पण बारा बारच आहेत. बेरीने बदल केला तो शब्दांत. ओळ दोनदा म्हणण्याऐवजी त्याने बाराच्या बारा बार गोष्टीने भरून टाकले: लुइझियानातलं जंगल, लाकडी खोपटं, गिटार वाजवणारा पोरगा. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ब्लूजमध्ये मोठ्या माणसाचं एक दुःख फिरून फिरून येतं. बेरीने त्याच घरात शाळकरी पोरांच्या गोष्टी आणल्या.

त्याने आणखी एक गोष्ट केली. जुन्या ब्लूजची चाल लंगडत चालल्यासारखी असते. प्रत्येक मात्रेचे तीन तुकडे करा, मधला गाळा, पहिला आणि तिसरा वाजवा. तो झुलता ठेका म्हणजे शफल. बेरीच्या गिटारमध्ये मात्रेचे दोन समान तुकडे ऐकू येतात, सरळ, धावते. त्याच्या सुरुवातीच्या गाण्यांत ड्रमवाला अजून झुलतोय आणि गिटार सरळ धावतेय, अशी ओढाताण आहे. पुढे रॉकने ठेका जवळपास सगळाच सरळ केला. झुलण्याच्या जागी धावणं आलं.

स्वरांची गोष्ट मराठी वाचकाला सोपी जावी. रॉकमधले बरेचसे गिटार सोलो ज्या पाच स्वरांत फिरतात, ते म्हणजे सा, कोमल ग, शुद्ध म, प आणि कोमल नि. औडव धानीचे हेच स्वर. अर्थात तिथे धानीचं चलन नाही, रागाचे कायदे नाहीत; साम्य फक्त स्वरांपुरतं. खरी गंमत अशी, की खाली वाजणाऱ्या कॉर्डमध्ये शुद्ध ग असतो आणि गळा त्याच क्षणी कोमल ग लावतो. दोन्ही एकमेकांवर घासतात. पाश्चात्त्य शास्त्राच्या हिशेबात ही चूक आहे. ब्लूजचा सगळा जीव या चुकीत आहे. शिवाय गाणारा कोमल ग वर नेमका थांबतही नाही. तो कोमल आणि शुद्ध यांच्या मधल्या जागेत असतो, पियानोवर जी पट्टीच नाही तिथे. म्हणून गिटारची तार बोटाने ओढायची, किंवा बाटलीची मान बोटात घालून तारेवर सरकवायची. आपल्याकडे मींड घेतात ते काम.

या सरकत्या आवाजाचा मला माहीत असलेला सर्वांत सुंदर नमुना ब्लाइंड विली जॉन्सनने १९२७ मध्ये रेकॉर्ड केला. ‘डार्क वॉज द नाइट, कोल्ड वॉज द ग्राउंड’. ते भजनाच्या वळणाचं आहे, पण गिटार अस्सल ब्लूजची. शब्द नाहीत, फक्त हुंकार आणि त्यामागून सरकणारी तार. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांसोबत पृथ्वीवरचं संगीत म्हणून २७ तुकड्यांची जी सोनेरी तबकडी अंतराळात पाठवली, तिच्यात हा तुकडा आहे. तिच्यातच चक बेरीचं ‘जॉनी बी. गुड’ आहे, आणि गोव्यातल्या केरीत जन्मलेल्या सूरश्री केसरबाई केरकरांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवीही आहे. तिन्ही एका बैठकीत ऐकून बघा. केसरबाईंच्या आणि विली जॉन्सनच्या गाण्याचा एकमेकांशी काही संबंध नाही, तरी दोन स्वरांच्या मधली जागा दोघांनीही किती जपलीय ते ऐकू येतं.

बारा बार म्हणजेच ब्लूज, असं मात्र समजू नका. डेल्टातल्या कितीतरी गाण्यांत कॉर्ड बदलतच नाही. एक खालचा स्वर घुमत राहतो आणि त्यावर एक लहानशी धून पुन्हा पुन्हा येते. मड्डी वॉटर्सचं ‘रोलिन स्टोन’ (१९५०) असं आहे, हाउलिन वुल्फचं ‘स्मोकस्टॅक लाइटनिंग’ (१९५६) असंच. ती फिरून येणारी धून म्हणजे रिफ. हार्ड रॉक आणि मेटल उभे आहेत ते बारा बारांपेक्षा या रिफवर. ‘हूची कूची मॅन’मध्ये (१९५४) सगळा बँड मिळून रिफ वाजवतो आणि थांबतो, त्या शांततेत मड्डी एक ओळ म्हणतो, पुन्हा रिफ, पुन्हा शांतता. आता लेड झेपलिनचं ‘ब्लॅक डॉग’ लावा. गायक एकटा गातो, थांबतो, मग बँड कोसळतो. हाळी आणि उत्तर.

शेतातला हा आवाज स्टेडियमपर्यंत पोचला तो शिकागोमार्गे. १९१० ते १९७० या काळात सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय माणसं दक्षिण सोडून उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या शहरांत गेली. मड्डी वॉटर्स त्यांतलाच एक. क्लार्क्सडेलजवळच्या मळ्यावर तो ट्रॅक्टर चालवायचा. १९४१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयासाठी लोकगीतं गोळा करणाऱ्या ॲलन लोमॅक्सने त्याला तिथेच रेकॉर्ड केलं. १९४३ मध्ये तो शिकागोला गेला. तिथल्या क्लबांच्या गोंगाटात साधी गिटार ऐकू जाईना, म्हणून विजेवरची घेतली. सोबत ड्रम, बेस, पियानो आणि मायक्रोफोन मुठीत धरून वाजवलेला माउथ ऑर्गन. रॉक बँडचा साचा इथेच तयार झाला. लहान ॲम्प्लिफायरला झेपेल त्याहून मोठा आवाज मागितला की तो फाटतो. तो फाटका आवाज या लोकांना आवडला, आणि पुढे रॉकने त्यासाठी खास यंत्रं बनवून घेतली.

पण शिकागोचा हा ब्लूज बहुतेक गोऱ्या अमेरिकन पोरांपर्यंत पोचला तो इंग्लंडमधल्या बँडांमार्फत. एवढं सगळं घरात असताना हा वळसा का पडला? कारण अमेरिकेत संगीताचेही काळे-गोरे कप्पे होते. बिलबोर्ड हे संगीतव्यवसायाचं नियतकालिक १९४९ पर्यंत कृष्णवर्णीयांच्या तबकड्यांना ‘रेस रेकॉर्ड्स’ म्हणायचं. वेगळी दुकानं, वेगळी रेडिओ स्टेशनं. इंग्लंडमधल्या पोरांना हे कप्पे माहीत नव्हते, आणि तबकड्या मिळवायला धडपड करावी लागे, म्हणून त्यांचं मोल जास्त. ऑक्टोबर १९६१ मध्ये डार्टफर्ड स्टेशनावर कीथ रिचर्ड्सला लहानपणीचा ओळखीचा मिक जॅगर भेटला. जॅगरच्या काखेत चक बेरी आणि मड्डी वॉटर्सच्या तबकड्या होत्या. बोलणं तिथून सुरू झालं. पुढच्या वर्षी त्यांच्या बँडचं नाव ‘रोलिंग स्टोन्स’ ठेवलं तेही मड्डीच्या गाण्यावरून. १९६४ च्या डिसेंबरात रोलिंग स्टोन्सचं ‘लिटल रेड रूस्टर’ ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. विली डिक्सनने लिहिलेला, हाउलिन वुल्फने गायलेला, संथ, निखळ ब्लूज. १९६५ मध्ये एका अमेरिकन टीव्ही कार्यक्रमात बोलावणं आलं तेव्हा स्टोन्सनी वुल्फलाही आणायला लावलं. तो गात असताना ही मंडळी त्याच्या पायाशी बसली होती. वुल्फ तेव्हा पंचावन्नच्या घरात होता.

घेताना काय बदललं, हे बघायला रॉबर्ट जॉन्सनचं ‘क्रॉस रोड ब्लूज’ चांगलं. जॉन्सनने १९३६ आणि १९३७ मिळून फक्त २९ गाणी रेकॉर्ड केली आणि १९३८ मध्ये, २७ व्या वर्षी तो गेला. मध्यरात्री चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकून त्याने कला मिळवली, ही कथा सगळ्यांना माहीत असते. मला ती आवडत नाही, कारण ती त्याची मेहनत पुसून टाकते. त्याने हेझलहर्स्ट गावाजवळ आइक झिमरमन या गिटारवादकाकडे शिकून घेतलं होतं. आणि गाण्यात सैतान नाहीच. एक माणूस चौरस्त्यावर उभा आहे, गाड्यांना हात करतोय, कुणी थांबत नाही, आणि अंधार पडत चाललाय. त्या काळात त्या भागात कृष्णवर्णीय माणसाने अनोळखी रस्त्यावर अंधारात एकटं सापडणं म्हणजे काय, हे ऐकणाऱ्यांना सांगावं लागत नव्हतं. जॉन्सन बार मोजून वाजवत नाही. श्वास लांबला की बार लांबतो, मन घाबरलं की तो आखडतो.

१९६८ मध्ये क्रीम या बँडने तेच ‘क्रॉसरोड्स’ म्हणून वाजवलं. त्यांचा गिटारवादक एरिक क्लॅप्टनने त्याला घट्ट रिफ दिली, बार कडक बारा केले, ठेका सरळ केला, जॉन्सनच्याच दुसऱ्या एका गाण्यातलं कडवं त्यात घातलं आणि दोन लांब सोलो घेतले. ते वादन थरारक आहे, मी शेकडो वेळा ऐकलंय. पण त्यातली भीती गेली आहे. तिघे जण वाऱ्याच्या वेगाने चौरस्ता ओलांडून जातात. जॉन्सन अजून तिथेच उभा आहे.

आणि पैशांचं काय? एल्विसची पहिली तबकडी, १९५४ ची ‘दॅट्स ऑल राइट’, हे आर्थर क्रूडपचं गाणं. क्रूडप हक्काच्या पैशांसाठी आयुष्यभर झगडला, मजुरी करत जगला, १९७४ मध्ये वारला. लेड झेपलिनच्या ‘होल लोटा लव्ह’मधले (१९६९) बरेच शब्द विली डिक्सनने लिहून मड्डीने १९६२ मध्ये गायलेल्या ‘यू नीड लव्ह’चे. डिक्सन १९८५ मध्ये कोर्टात गेला, १९८७ मध्ये बाहेर समझोता झाला, आता त्याचं नाव लागतं. यावर नेहमी उत्तर मिळतं, की ब्लूजमध्ये सगळेच एकमेकांच्या ओळी घेत. खरं आहे. पण डेल्टातला गवई दुसऱ्याची ओळ घ्यायचा तेव्हा दोघेही सारखेच कफल्लक असत. लाखो तबकड्या खपणाऱ्या बँडने तीच ओळ स्वतःच्या नावावर छापणं ही वेगळी गोष्ट आहे.

शेवटी एक जोडी सांगतो. ती नीट ऐकलीत तर वरचं सगळं विसरलात तरी चालेल. ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’. लेव्ही म्हणजे पूर अडवायला नदीकाठी घातलेला मातीचा बांध. २१ एप्रिल १९२७ ला ग्रीनव्हिलजवळ माउंड्स लँडिंगला मिसिसिपीचा बांध फुटला. त्या पुरात सुमारे ७० हजार चौरस किलोमीटर प्रदेश पाण्याखाली गेला. ग्रीनव्हिलमध्ये हजारो कृष्णवर्णीय माणसं बांधाच्या माथ्यावर अडकून पडली. त्यांना बोटींनी हलवता आलं असतं, पण गेलेले मजूर परत यायचे नाहीत, म्हणून मळेवाल्यांनी ते होऊ दिलं नाही. बंदुकांच्या पहाऱ्यात त्यांच्याकडून बांधाचंच काम करून घेतलं.

दोन वर्षांनी, १९२९ मध्ये, मेम्फिस मिनी आणि तिचा नवरा कान्सस जो मॅकॉय यांनी हे गाणं न्यूयॉर्कमध्ये रेकॉर्ड केलं. दोन गिटार. ओळ दोनदा, तिसरी ओळ उत्तराची, पेरं मोजता येतात. पहिल्यांदा ऐकाल तर चकित व्हाल, कारण चाल हलकीफुलकी आहे, मिनीची बोटं तारांवर अक्षरशः नाचतात. मॅकॉय आवाज चढवत नाही. बांध फुटेल, राहायला जागा उरणार नाही, असं तो हवापाण्याविषयी बोलावं तसं सांगतो. ज्यांनी पूर पाहिला होता त्यांच्यासाठीच ते गाणं होतं. त्यांना पूर दाखवायची गरज नव्हती.

१९७१ मध्ये लेड झेपलिनने हॅम्पशरमधल्या हेडली ग्रेंज या जुन्या घरात ते पुन्हा केलं. जॉन बॉनमचे ड्रम खालच्या दालनात मांडले आणि दोन माइक जिन्यावरून वर टांगले, त्यामुळे थाप आणि तिचा घुमार दोन्ही आत आले. रेकॉर्डिंग थोडं मंद करून आवाज आणखी जड केला. माउथ ऑर्गनचा प्रतिध्वनी उलटा लावला, म्हणजे आवाजाच्या आधी त्याची सावली येते. इथे पेरं मोजायला जाल तर फसाल. बारा बार जवळजवळ नाहीत. बहुतेक वेळ एक स्वर घुमतोय आणि रिफ फिरतेय, त्या जुन्या डेल्टातल्या एककॉर्डी गाण्यांसारखी. म्हणजे त्यांनी या गाण्याची चौकट मोडली आणि ब्लूजच्याच दुसऱ्या, अधिक जुन्या खोलीत जाऊन बसले. १९२९ च्या गाण्यामागे पूर येऊन गेलेला आहे. १९७१ च्या गाण्यात तो ऐकणाऱ्याच्या अंगावर येतो. मला दोन्ही हवीत. पण क्रम पाळा, आधी १९२९ चं ऐका.

झेपलिनच्या तबकडीवर या गाण्याखाली चार वादकांसोबत मेम्फिस मिनीचं नाव छापलेलं आहे. ती १९७३ मध्ये मेम्फिसला गरिबीत वारली. मिसिसिपीतल्या वॉल्स गावी तिच्या कबरीवर दगड बसला तो १९९६ मध्ये, गायिका बॉनी रेटच्या पैशांतून. जो मॅकॉय १९५० मध्येच गेला होता. १९२९ च्या तबकडीवर ज्याचा आवाज आहे तो मॅकॉय, आणि १९७१ च्या तबकडीवर त्याचं नाव नाही.